न बसणाऱ्यांचा दरबार

खाटेवर बसायचे नाही. झोपायचे ते उघड्या भुईवर. ब्रह्मचर्य पाळायचे, आपले अन्न आपण रांधायचे आणि तेही बेताने खायचे. गावागणिक नियमांत थोडेफार इकडचे तिकडे होते. पण होळीच्या आधीचे पाच-सात दिवस सातपुड्यात कितीतरी घरांतले पुरुष अशा शिस्तीत राहतात. याला पालनी म्हणतात. पालनी केलेला गडी होळीच्या रात्री अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे काढतो, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरू बांधतो, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतो आणि बुध्या होतो. बाहेरून आलेल्याला टोप दिसतो, भोपळे दिसतात. मागचे पाच-सात दिवस दिसत नाहीत. खरा विधी त्या दिवसांत झालेला असतो.

धडगावहून मोलगीच्या वाटेला लागले की अक्कलकुवा तालुक्यात काठी येते. एकेकाळच्या काठी संस्थानाचे हे ठाणे. सातपुड्यातल्या सगळ्या होळ्यांत काठीची होळी ‘राजवाडी’. पश्चिम खानदेशात चिखली, नाला, सिंगपूर, गव्हाळी अशी जी मेहवासी संस्थाने होती, त्यांतले काठी हे एक. संस्थान म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात ते हत्तीखाने आणि झुंबरे इथे शोधू नयेत. डोंगर, माळ, कुडाची घरे, मोह आणि पळस एवढाच इथला थाट. राजा उमेदसिंग सरकारांनी १२४६ मध्ये ही होळी सुरू केली, असे काठीकर सांगतात, आणि दर फाल्गुनात वर्तमानपत्रे तेच साल छापतात. ते साल कुठल्या दप्तरात आहे, या वादात मी पडत नाही. वर्षाला एकदा नव्याने उभी करावी लागणारी गोष्ट इतकी माणसे इतकी वर्षे उभी करत आली आहेत, मला तेवढे पुरेसे आहे.

राजेपणाची खूण म्हणजे बसणे, असे आपण लहानपणापासून शिकतो. सिंहासन, तख्त, गादी, मसनद हे सगळे बसण्याचे प्रकार. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात जे घडले त्याचा गाभाही सिंहासनारोहण हाच होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या दिवशी दरबारात हजर होता. त्याने पाहिलेल्या गोष्टींत सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवरची चिन्हे आहेत: सिंहासनाच्या उजव्या हाताला मोठ्या दातांच्या दोन सोन्याच्या मत्स्यमुखांचे भाले, डाव्या हाताला घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू. बाहेर दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे उभे होते. एवढ्या अवघड गडावर हे हत्ती चढवले कसे, याचेच त्याला नवल. ही चिन्हे नीट वाचली तर लक्षात येते की ती घरच्यांपेक्षा पाहुण्यांसाठी जास्त होती. मासा ही मोगल दरबारात ओळखीची मानाची खूण, घोड्याची शेपटी तुर्की परंपरेतली, तराजू कुणालाही कळावा असा. समुद्रावर सत्ता, घोडदळावर सत्ता आणि न्यायाचा अधिकार, या तिन्ही गोष्टी दिल्ली, विजापूर आणि सुरतेच्या वखारीला दुभाष्याविना समजल्या पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब. तो पक्का होता. ज्या राजाला अजून कुणी राजा म्हणायला तयार नाही, त्याला आपली चिन्हे विरोधकांच्या ओळखीची निवडावी लागतात.

काठीचे उलटे. इथली एकही खूण बाहेरच्या दरबाराला वाचता येणारी नाही. बांबू, भोपळा, राख, मोरपीस, आंब्या-जांभळाची पाने. सगळे रानातले, सगळे नाशवंत. दुसऱ्या राजाने पाहून दबून जावे असे यात काही नाही. ज्यांना दिसायला हवे त्यांना ते आधीच ठाऊक आहे.

सगळ्यात आधी दांडा. साठ-सत्तर फुटांचा सरळ बांबू. तो काठीच्या शिवारात सापडत नाही. हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या जंगलातून तो निवडून आणतात. आज जिला आपण राज्याची सीमा म्हणतो ती या बांबूला आडवी येत नाही, कारण देवमोगरा मातेचे, म्हणजे याहा मोगीचे, देऊळही पलीकडे सागबारा तालुक्यात आहे आणि महाशिवरात्रीला अलीकडची माणसे तिकडेच जातात. होळी त्यानंतर पंधरवड्यावर. बांबू आणणे हा या अर्थाने नुसता लाकूडफाटा गोळा करणे नव्हे. जुन्या मुलखाची खरी हद्द कुठवर होती, ते वर्षातून एकदा पायी चालून पाहण्यासारखे ते आहे.

मग खड्डा. माझ्या मते या सबंध सोहळ्यातले सगळ्यात अर्थपूर्ण काम हेच, आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. एवढा उंच दांडा उभा करायचा म्हणजे खड्डा खोल हवा. फाल्गुनातली जमीन टणक झालेली असते. तरी कुदळ नाही, फावडे नाही, पहार नाही. माती हातांनी उकरायची. काठीच्या राजघराण्यात शस्त्रांची पूजा होते, दसऱ्याला घोड्यांच्या शर्यतीही लागतात; म्हणजे लोखंडाशी आणि लढाऊपणाशी या गावाचे वाकडे नाही. पण जमिनीत हात घालताना मात्र हत्यार बाजूला. राज्य मिळवायला शस्त्र लागत असेल, पण जिच्यावर ते उभे आहे त्या मातीला शस्त्र लावायचे नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. गावातला म्हातारा एवढे बोलणार नाही. तो म्हणेल, आमच्यात असेच करतात. रसग्रहण करणाऱ्याचा आणि विधी करणाऱ्याचा धंदा वेगळा.

या हाताने उकरण्यात आणखी एक सोय आहे. कुदळ एका वेळी एकाच्या हातात असते आणि ज्याच्या हातात ती असते त्याचा मान वाढतो. हात सगळ्यांना दोनच. खड्ड्याच्या काठावर जितकी माणसे बसतील तितक्यांचे हात मातीला लागतात आणि नंतर खोल कुणी किती केला हे सांगता येत नाही. नावाची फीत कापून किंवा पहिली कुदळ मारून होणारी उद्घाटने पाहिलेल्या डोळ्यांना हे वेगळे वाटल्यावाचून राहत नाही.

दांड्याला नैवेद्य चढतो तो गूळ, डाळ्या, खजूर आणि साखरेच्या हार-कंगनांचा. हे सगळे होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात मिळते. धडगावचा भोंगऱ्या पाहिला नसेल तर हे चित्र पुरते डोळ्यांपुढे येणार नाही. डोंगराडोंगरांतून माणसे उतरतात. गुलाबी-पिवळ्या हार-कंगनांच्या माळा लटकलेल्या, डाळ्या-फुटाण्यांचे ढीग, घुंगरांची दुकाने, आरसे, फेटे, रंगीत कापड, मधूनच ढोल घेऊन शिरलेला एखाद्या पाड्याचा जथा. गुजरातेत ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेला गडी याच सुमाराला परततो. दिवाळीला आला नाही तरी चालेल, होळीला घरी यायचेच, हा इथला अलिखित करार, आणि तो मुकादमालाही माहीत असतो. राजाचा हुकूम आता चालत नाही. पण एवढी माणसे एका तारखेला एका डोंगराकडे वळवू शकेल असा दुसरा हुकूम मला तरी माहीत नाही.

रात्रभर नाच. मोठाले ढोल, मांदल, पावा, घुंगरांचा एकच नाद. बावा, बुध्या, मोरखी, धानका डोखा, प्रत्येकाचे सोंग वेगळे. चांदीच्या दागिन्यांनी वाकलेल्या बायका हातात हात गुंफून रांगा धरतात. बुध्याच्या कमरेचे भोपळे मला विशेष आवडतात. राजाच्या कमरेला तलवार असते. तिचा आवाज एकदाच होतो, उपसताना. बुध्याच्या कमरेला पोकळ, वाळलेली फळे. तो हलला की वाजतात, थांबला की गप्प होतात. नाचल्याशिवाय या पोशाखाला काही अर्थच नाही. मुकुट खुंटीला टांगला तरी मुकुटच राहतो. भोपळ्यांचा पट्टा उतरवून ठेवला की तो पुन्हा नुसता भोपळा.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. गादी काठीलाही आहे. सरकारांच्या घराण्यात तिची पूजा होते, शस्त्रांची होते, वंशजांना यजमानाचा मान मिळतो. पण होळीच्या त्या रात्री गर्दी ज्यांच्याकडे पाहते ते सगळे उभे असतात. जो पाच-सात दिवस खाटेवर टेकलेला नाही, तो रात्रभर नाचतो. मध्यभागी दांडा उभा असतो. बसण्यातून मोठेपणा मिळतो असे मानणारी सारी दरबारी रीत इथे उलटी केलेली आहे: आसन नाकारले म्हणून मान. गादी हे राजाचे स्थान खरे. पण तिच्या सोहळ्याला अर्थ येतो तो न बसणाऱ्यांमुळे, हे काठीने कुठेही न सांगता मांडून ठेवले आहे.

थोडे लांबचे उदाहरण घेतो. ६ मे २०२३ रोजी लंडनला तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक जगभर दाखवला गेला. रत्ने, रथ, राजदंड, सगळे दिसले. एकच क्षण दाखवला नाही, अभिषेकाचा. त्या वेळी त्यांची राजवस्त्रे उतरवली, साध्या पांढऱ्या सदऱ्यात त्यांना बसवले आणि भोवती तीन बाजूंनी पडदे धरले. जो विधी त्या सोहळ्यात सर्वांत पवित्र मानतात, तोच झाकायचा. काठीची पालनी मला त्या पडद्याच्या जवळची वाटते. फरक इतकाच की तिथे पडद्याआड एकटा राजा असतो, आणि इथे कुठल्या पाड्यावरचा कोण भुईवर झोपला याची नोंद कुणाकडेच नसते.

सातपुड्यातल्या होळ्या एका रात्रीत उरकत नाहीत, त्यांना क्रम आहे, आणि तो राजशिष्टाचारासारखा वाचता येतो. पहिला मान डाबचा. डाब म्हणजे याहा मोगीचे आणि राजा पांठाचे ठाणे, देवांचे गाव. तिथली होळी देवांची. मग काठीची, सरकारांची. त्यानंतर पुढचे दिवस गावोगावच्या होळ्या: धडगाव आणि भोवतालची मांडवी, सुरवाणी, धनाजे, थेट वर तोरणमाळपर्यंत. देव, राजा, रयत अशी ही उतरंड. पण तिच्यात एक मेख आहे. काठीची आग घेऊन कुणी आपली होळी पेटवत नाही. प्रत्येक गावाचा दांडा वेगळा, खड्डा वेगळा, आग आपली आपण. राजाचा मान आधी, एवढेच. राजाकडून काही यावे लागत नाही. मेहवासी संस्थाने कशी चालली असतील, त्यांचा दरारा आणि त्यांची मर्यादा काय असेल, याचा अंदाज दप्तरांपेक्षा या क्रमातून जास्त येतो. शिवाय पालनीवाल्या बुध्याला एका होळीवर थांबून चालत नाही. तो ओळीने होळ्या घेत जातो. काठीत नाचलेली पावले पुढे धडगावच्या बाजूला नाचतात. म्हणून धडगावकराला काठीची होळी शेजारच्या तालुक्यातली वाटत नाही.

राजचिन्हांत भिल्ल दिसावा, हे काही नवे नाही. मेवाडच्या राणांच्या राजचिन्हावर एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यधारी भिल्ल उभा आहे. उंदरीच्या आणि ओगणाच्या भिल्ल सरदारांचा मेवाडच्या राज्याभिषेकात मान असे, ओगणाचा सरदार आपल्या अंगठ्याचे रक्त काढून नव्या राण्याला टिळा लावी, ही हकीगत राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने लिहून ठेवली आहे. मोठा मान, शंका नाही. तरी त्या चित्रात भिल्ल कडेला आहे. टिळा तो लावतो, सिंहासनावर दुसरा बसतो. मेहवासी संस्थानिक बहुतांशी इथल्याच भिल्ल कुळांतले, त्यामुळे काठीत ही वाटणी नाही. टिळा लावणारा आणि लावून घेणारा एकाच बोलीत बोलतात.

धडगाव तालुक्याच्या माथ्यावर अस्तंभा आहे, १३२५ मीटर उंच. दिवाळीत तिथे यात्रा भरते, ती अश्वत्थाम्याची. महाभारतातल्या या द्रोणपुत्राच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि वाहत्या जखमेनिशी तो अजून या डोंगरांत तेल मागत फिरतो, अशी इकडची समजूत. एकाच डोंगररांगेत राजचिन्हाच्या या दोन गोष्टी नांदतात, हे मला फार मोलाचे वाटते. मणी अंगाचाच भाग होता, म्हणून तो गेल्यावर जखम राहिली आणि ती हजारो वर्षे भरत नाही. काठीचे राजचिन्ह अंगात रुतलेलेच नाही. पहाटे पाचच्या सुमाराला होळी पेटते, साठ-सत्तर फुटांचा तो डौल जळतो आणि कोसळतो. तो कोणत्या दिशेला पडला यावर येत्या वर्षाचा अंदाज बांधतात. पूर्वेला पडला तर शुभ. तो पडला म्हणून कुणी हळहळत नाही. तो पडायलाच हवा असतो.

हा फरक स्वातंत्र्यानंतर उपयोगी पडला असे मला वाटते. पश्चिम खानदेशातल्या मेहवासी जहागिरींचे मालकी हक्क १९६१ च्या विनियमाने रद्द झाले. पुढे १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे आणि किताब गेले. कित्येक मोठ्या राजवाड्यांची त्यानंतर हॉटेले झाली, कुठे भावाभावांत खटले चालले, कुठे रत्नांच्या याद्यांवरून भांडणे झाली. ज्यांचे राजेपण वस्तूंत होते त्यांना वस्तू सांभाळणे भाग होते. काठीत सांभाळायचे होते काय? एक बांबू, तोही दरवर्षी नवा. पाच-सात दिवसांचे व्रत, जे कुठलाही विनियम रद्द करू शकत नाही, कारण ते कुणाच्या मालकीचेच नव्हते. सरकार गेले, जिल्हा धुळ्यातून फुटून १९९८ मध्ये नंदुरबारचा झाला, नर्मदेकाठची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताच्या यादीत आली, आणि ‘राजवाडी’ हे बिरुद होळीला चिकटून राहिले.

सगळेच आलबेल आहे असे मात्र नाही. आता काठीत मंडप असतो, पाहुण्यांसाठी खुर्च्या असतात, ध्वनिक्षेपक असतो, आणि बुध्याच्या तोंडासमोर मोबाइल धरणारा शहरी उत्साह असतो. खुर्च्यांचे मला सगळ्यात विचित्र वाटते. ज्या रात्री मान उभ्या माणसाचा, त्या रात्री बसण्याची सोय करून पाहुण्यांना आपण सोहळ्याबाहेर नेऊन ठेवतो. पाहुण्यांना ते कळत नाही. पहिली रांग मिळाली म्हणून ते खूशच असतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. बुध्याचा पोशाख आता महोत्सवांच्या मंचावर पोहोचला आहे, मिरवणुकांत आणि स्वागत समारंभांत दिसतो. दिसू दे. नाचणाऱ्यांना चार पैसे मिळतात, सातपुड्याचे नाव होते. पण मंचावर पंधरा मिनिटांसाठी बांधलेल्या भोपळ्यांमागे भुईवरचे पाच-सात दिवस नसतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्याला ते नसल्याचे कळण्याचा मार्ग नाही. वेश नेता येतो, व्रत नेता येत नाही. परंपरा जपायची म्हणून जे अनुदान मिळते, ते वेशावर खर्च होते. व्रतावर खर्च करण्यासारखे काही नसतेच.

पालनीला खरा धोका मला मंचाचा वाटत नाही, वेळापत्रकाचा वाटतो. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, नेमक्या फाल्गुनाच्या तोंडावर. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या पोराने आपले अन्न आपण कसे रांधायचे? लोखंडी कॉटवर झोपायचे नाही तर कॉटखाली झोपायचे का? आणि तीन तास परीक्षेच्या बाकावर बसले तर ते बसणे मोजायचे की नाही? खाटेबद्दलचा नियम सगळ्यांना पाठ आहे. बाकाबद्दल जुन्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. तेव्हा बाकाचा निकाल आता गावातल्या जाणत्यांनी लावायचा आहे, आणि तोही पेपर सुरू होण्याआधी.